बरी झालेली माणसं

डॉक्टरीणबाईंनी मेंदूची फिल्म दिव्यासमोर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. कशीही धरली तरी गाठ जिथल्या तिथे होती, चांगली लिंबाएवढी. तीन-चार वर्षं गुपचूप वाढलेली आणि आता वर्षभरात चवताळलेली.

समोर मास्तर आणि काकू बसले होते. मास्तर शिंपी. परवा मशीनवर कापड सरकवता सरकवता ते एका अंगावर कलंडले, तेव्हा कुठे ही फिल्म काढली गेली.

"मास्तर, दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्यासाठी वही लिहीत होतात. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? दीडशे पानी होती."

बाईंच्या नावावर त्रेसष्ट शोधनिबंध होते. त्यांतले बासष्ट मेंदूतल्या गाठींवर: कोण किती महिने जगलं, कुठल्या उपायाने किती आठवडे वाढले. त्या बासष्टांत शेवटी सगळे गेलेच. उरलेला एक तेवढा डोकेदुखीवरचा. बेचाळीस माणसांनी औषध घ्यायचं आणि दुखण्याचा आकडा रोज वहीत मांडायचा, शून्य ते दहा. आकडा घसघशीत उतरला. ते औषध आता कुठल्या कुठल्या इस्पितळांत देत होते. आपल्या हातून कुणी बरं झालं म्हणायला बाईंना तो एकच निबंध होता, आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव होता.

"शेवटी शेवटी तुम्ही एक लिहायचात, कधी शून्य. पण ही गाठ तेव्हाही असणार. दुखत नव्हतं?"

"दुखत नव्हतं कसलं!" काकूच बोलल्या. "भिंतीला डोकं टेकून बसायचे. खोलीत दिवा म्हणून लावू द्यायचे नाहीत."

"मग वहीत?"

मास्तर चोरी पकडल्यासारखे हसले.

"पहिल्या खेपेला आठ लिहिले, तर तुमचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या खेपेला सहज पाच लिहून बघितले. केवढ्या खूश झालात! म्हटलं, बाई एवढं जीव तोडून करतायत, कशाला त्यांचा हिरमोड करा?"

"अहो, मी खूश व्हावं म्हणून लिहायचं असतं का ते?" बाईंचा आवाज चढला. "आठचे आठ ठेवले असतेत तर मी तेव्हाच फिल्म काढली असती. तेव्हा गाठ लहान होती. काढता आली असती!"

बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, हे बोलायला नको होतं. काकूंना ते उमगायला जरा वेळ लागला. मग त्यांनी मास्तरांच्या दंडावर एक चापट मारली आणि तिथेच बाही मुठीत धरून ठेवली.

बाईंना राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

"तुम्ही एकट्यानेच केलंत ना हे?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"एकटे कसले!" काकू रडतच म्हणाल्या. "बाहेर बाकावर सगळ्यांच्या वह्या हेच तपासायचे. पोस्टमनदादांनी नऊ लिहिले होते. यांनी खोडायला लावून चार करवले."

एरवी बाई खळखळून हसल्या असत्या. बेचाळीस वह्या मागच्या कपाटात होत्या, एकूण एक खोट्या. सगळ्यांना परत बोलवायला हवं होतं. किती जण येऊ शकतील, कुणास ठाऊक.

"मग आता काढता नाही येणार?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"किती दिवस आहेत?"

तो आकडा बाईंइतका कुणालाच ठाऊक नव्हता. बासष्ट वेळा छापला होता त्यांनी. चार महिने, डोक्यावरून पाणी पाच. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. बाही अजून मुठीतच होती.

"वर्षभर तरी," बाई म्हणाल्या. "जास्तच, कदाचित."

"वर्ष म्हणजे पुष्कळ झालं की हो," काकू म्हणाल्या. डोळे पुसून त्या चाकांची खुर्ची आणायला बाहेर गेल्या.

मास्तर टेबलाचा आधार घेत उठले. बाईंच्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"चार महिने?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी मान खाली घातली.

"असू दे," मास्तर म्हणाले. "तिला बरं वाटलं ना."