सतरावी मुलाखत

“कुठलंही पान उघडा,” विभागप्रमुख बाई माइकवर म्हणाल्या, “एक वाक्य उसनं सापडणार नाही. मावशी, माझा प्रकल्प आणा बरं तो.”

मावशी म्हणजे ग्रंथालयातली शिपाई. बाईंच्याच वयाची, एकेकाळी त्यांच्याच वर्गातली, वसतिगृहात दोन वर्षं त्यांच्याच खोलीत राहिलेली. तिला मावशी म्हणताना बाईंची जीभ कधी अडखळली नाही. सव्वीस वर्षांत तिनेही तोंड उघडलं नव्हतं; पण विसरली काहीच नव्हती.

व्याख्यानाचा विषय होता अभ्यासातला प्रामाणिकपणा. नक्कल करणाऱ्या तिघांना काढून टाकल्याचं बाईंनी सुरुवातीलाच ठणकावून सांगितलं होतं. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून त्यांचे वडील बसले होते, याच कॉलेजचे जुने प्राचार्य.

शिपाईबाईने काळ्या बांधणीचं पुस्तक आणलं. ‘धुलाईघरातल्या बायका : चाळीस मुलाखती’. त्या चाळीस जणींच्या दारात वर्षभर ती उभी राहिली होती, बाई नव्हे. बाईंनी तिच्या वह्या गुपचूप उतरवून काढल्या आणि आठ दिवस आधी प्रकल्प देऊन टाकला. हिचा प्रकल्प गेला तेव्हा त्यावर लाल शाईत ‘नक्कल’ असा शेरा आला. पुरावा म्हणून वह्या काढायला गेली तर पेटी रिकामी. तिला कॉलेजातून काढून टाकल्याच्या पत्रावर प्राचार्यांची, म्हणजे बाईंच्या वडिलांची, सही होती.

पुढे पोटासाठी तिने इथेच शिपायाची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी कपाट झाडताना तिने ते पुस्तक उघडलं, आणि तिला कळलं की चोरणारीने उतरवून काढलं, पण वाचलं नाही. तेव्हापासून तिने त्या पुस्तकाला जिवापाड जपलं. दोनदा ते रद्दीच्या ढिगात गेलं, दोनदा तिने ते परत आणून ठेवलं.

एक्केचाळिसावं पान उघडून तिने पुस्तक म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि माइक हातात दिला.

“सर, तुम्हीच वाचा. तुमच्या तोंडी शोभेल.”

लेकीचं कौतुक वाचायला कुठला बाप नको म्हणेल? त्यांनी चष्मा लावला.

“मुलाखत सतरावी. ‘मला काय विचारतेस, तुला ठाऊक नाही का? तुझा बाप गेला तेव्हा तू चार वर्षांची. टेबलाखाली तुला निजवायची आणि वर इस्त्री फिरवायची...’”

ते थांबले. मागच्या ओळीवर जाऊन मनातल्या मनात पुन्हा वाचू लागले.

“ही बाई कोणाशी बोलतेय गं?” माइक चालूच होता.

“ते... मुलाखतीची पद्धत असते बाबा तशी.”

“अगं, पण मी इथे बसलोय.”

मागे कोणीतरी हसलं, मग कोणीच हसलं नाही. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. म्हाताऱ्याने हळूहळू मान वर करून शिपाईबाईकडे पाहिलं.

“ती मुलगी... तू?”

“हो सर. तुम्ही सही केली होती, आठवतंय?”

या क्षणी आपल्याला कदाचित दया येईल अशी तिला इतकी वर्षं भीती होती. ती आली नाही. तिला बरं वाटलं, अगदी पोटभर.

संध्याकाळी बाई ग्रंथालयात आल्या. डोळे सुजलेले होते.

“बुटके,” त्यांनी सव्वीस वर्षांनी तिला वसतिगृहातल्या नावाने हाक मारली. “तुला तर कधीच सापडलं असेल ते पान. तेव्हाच का नाही बोललीस?”

“तेव्हा तू पहिल्या पायरीवर होतीस. तिथून पडून तुला काय लागणार होतं?”

“माफ कर मला.”

“नाही,” ती म्हणाली, आणि तिने पंखा बंद केला.

बाई गेल्यावर ती कपाटाशी आली. चौकशीसाठी पुस्तक नेलं होतं आणि फळीवर बोटभर जागा रिकामी होती. तिची आई एकदाच इथे आली होती. तिला वाचता येत नव्हतं.

“माझं बोलणं यातच ना गं?” तिने विचारलं होतं.

“यातच.”

“आणि वर तुझं नाव?”

“हो, आई.”

इस्त्रीने भाजून राठ झालेली बोटं आईने बांधणीवरच्या बाईंच्या सोनेरी नावावरून दोनदा फिरवली होती.

तिने फडकं घेऊन फळी पुसली. उद्या पुस्तकावरचं नाव बदलेल, हे आईला सांगायला हवं होतं. पण आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.