हौद्यातली दाढ

"खबरदार! पाटी खाली ठेव आदी!"

जयसिंग दोन्ही हात पसरून आपल्या नव्या गाडीच्या म्हागं हुबा, आन् त्याच्या म्होरं त्याची बायकू तुळजा वयनी, डोक्यावर शेनखताची पाटी घिऊन.

"अवं सरका की. मान मोडाया लागली."

"ह्या गाडीत शेन पडनार न्हाई. सांगून ठिवतो."

"मग काय पडनार हिच्यात? मोगऱ्याची फुलं?"

माजं घर त्यांच्या समोरच. म्या वट्ट्यावर बसून मशेरी लावीत व्हतो. सकाळचं ह्ये भांडान आमच्या आळीला चहावानी लागलं व्हतं. एखाद्या दिशी न्हाई झालं तर चुकल्या-चुकल्यासारकं वाटायचं.

आता गाडी कसली ती सांगतो. जयसिंगच्या मामाची माणला जमीन व्हती, ती कंपनीला गेली, आन् त्या पैशातला वाटा ह्येच्या आईकडनं ह्येच्याकडं आला. ह्यो गेला आन् पिकअप घिऊन आला. पिकअप माजी बी हाय, मी बहिरू, पंधरा वर्सं कासार आंबोलीचा भाजीपाला मार्केटला न्हेतोय. पर माज्या पिकअपला रोज चार गोनी चिखूल लागतो तवा तिला बरं वाटतं. ह्येची तशी न्हवं. चार दारं, काळी कुळकुळीत, उंच येवढी की आत चढाया पायरी, आन् म्हागं चकचकीत हौदा. हौद्याला बी वरनं काळं कापड, कुनाची नदर लागू ने म्हनून.

ही हौस त्याला लावली बंगलेवाल्या निषादसायबानं. त्याची तसलीच गाडी. सायब शनवारी पुन्यावरनं येतो, हौद्यात येक सायकल आन् येक कुत्रं, आन् ऐतवारी सायकल, कुत्रं घिऊन माघारी. जयसिंगनं त्याला इचारलं तवा सायब म्हनला, "दादा, ही लाईफस्टाईल पिकअप आहे. इट्स अ फीलिंग."

जयसिंगनं घरी यिऊन बायकूला ह्येच सांगितलं. ती म्हनली, "लाईफ तर आपली हीच हाय, शेनामुताची. ष्टाईल कुटनं आनायची?"

गावाला तर पिकअप म्हंजी येकच ठावं. गाडी आली त्याच सांजंला तिघंजन दारात. येकाला कडबा आनायचा, येकाला मांडवाचे वासे, आन् येकाला आजारी रेडकू पौडला दवाखान्यात न्यायाचं.

"आरं, ही तसली पिकअप न्हाई!" जयसिंग वरडला.

"मग कसली?"

"ही... वापरायची हाय."

"आमी बी वापरायलाच मागतुया की!"

तिघं बी माज्याकडं आले. कडबा म्या आनला, वासे म्या आनले, रेडकू बी म्याच न्हेलं. आन् वाटंत रेडकानं माज्या हौद्यात काय केलं त्ये सांगत न्हाई, तुमी जेवनार असाल.

तर त्या सकाळी पाटीवरनं लागलं आन् वाढत वाढत मारुतीच्या पाराव गेलं. वयनीनं पाटी पाराच्या कडंला ठिवली, पदर खवला आन् चारचौघात म्हनली, "आयका सगळे. येत्या नागपंचमीपत्तुर ह्या गाडीनं असं येक काम करावं, जे माज्या स्कुटीनं व्हत न्हाई. केलं, तर म्या जलमभर ह्या गाडीवरनं चकार शबूद काडनार न्हाई. न्हाई केलं, तर गाडी इकायची."

"कबूल!" जयसिंग मिशीवर पालथी मूठ फिरवीत म्हनला. "पंच कोन?"

"बहिरू भावजी."

ह्येला म्हनत्यात घोंगडं गळ्यात पडनं. पर पारावरनं न्हाई कसं म्हनायचं?

जयसिंगनं दुसऱ्याच दिशी काम काडलं. सोसायटीतनं युरियाच्या दोन गोनी आनायच्या. गाडी पुसली, सीट पुसली, गॉगल चढवला. आमच्या आळीत गाडी वळत न्हाई, म्हनून म्हागं घेत घेत थेट देवळापत्तुर गेला. तितं कुनाची तरी बैलगाडी आडवी. ती निघूस्तवर वयनी स्कुटीवर पायाशी येक आन् म्हागं येक गोनी ठिवून घरात आली बी. जयसिंग देवळापाशी हारन वाजवीत बसलेला.

मंग त्यानं बाजारात शेरडं न्यायाचं ठरवलं. दोन शेरडं हौद्यात चढवली. हौदा असला गुळगुळीत की वळनाव शेरडांचे चारी पाय चार दिशंला. पिरंगुटला पोचूस्तवर वरडून वरडून त्यांचा घसा बसला आन् गिऱ्हाईक म्हनलं, "मुकी शेरडं हायेत व्हय? नगं."

"आसून आडचन, नसून खोळंबा," म्या म्हनलो.

"नसून कसला वं खोळंबा?" वयनी म्हनली. "नव्हती तवा काय आडलं व्हतं?"

आता खरी गोष्ट हितनं म्होरं. वयनीकडं आंबेमोहराचं बी हाय. तिच्या आयनं लगनात वटीत घातल्यालं. आता समदे दुकानातनं पिशवीचं बी आनत्यात, पर ही बाई दर साली ओढ्याकाठच्या येका खाचरात तेवढंच लावती, आन् त्यातलंच बी म्होरल्या सालाला ठिवती. त्या खाचराचा भात शिजला की आळीला वास येतो. माजी म्हातारी शेवटच्या दुकन्यात काय बी खाईना, तवा वयनीनं त्या भाताची पेज आनली व्हती. ती तेवढी प्याली म्हातारी. म्हनून त्या बियाचं मला बी लागतं.

त्या साली जेष्ठात ओढ्याला असं पानी आलं की वयनीनं टाकलेली दाढ, म्हंजी भाताच्या रोपाचा वाफा, निम्म्या रातीत धुऊन ग्येला. ऱ्हायलं येक पायलीभर बी. तिनं त्ये भिजवून पोत्यात दडपलं, त्याला मोड आले. मोड आलेलं बी थांबत न्हाई. आज टाकलं तर भात, उद्या टाकलं तर कोंबड्यास्नी.

पर टाकायचं कुटं? शेतात गुडघाभर पानी, परड्यात पानी. वयनी खळ्यात हुबी. तिच्या डोळ्यात पानी आलेलं म्या तिच्या लगनापासनं तवा पैल्यांदा बघितलं. ती म्हनली, "भावजी, आयचं बी माज्या हातनं बुडालं वं."

आन् बोलता बोलता तिची नदर जयसिंगच्या गाडीवर गेली.

जयसिंग घरी न्हवता. कोथरूडला भनीकडं गेला व्हता, चार दिस. गाडी हितंच. कारन भनीच्या सोसायटीत मागल्या खेपंला ही गाडी घालताना वाचमनची खोली हालली व्हती, तवापासनं ह्यो पुन्याला पीएमटीनं जातो.

"वयनी, नगं," म्या म्हनलो. "त्यो जीव दील."

"मग तुमच्या गाडीत टाकू?"

"माजी रोज मार्केटला जाती."

"तेच म्हनते म्या. सदा रिकामी आसनारी गाडी गावात येकच हाय."

आता पंचानं काय करायचं असतं? गप बसायचं असतं. आन् म्या काय केलं? घमेली उचलली. वयनीनं कापड गुंडाळलं, हौद्यात प्लास्टिक हातरलं, त्याला भोकं पाडली. त्याच्याव दोन बोटं माती, चाळलेलं शेनखत, वर मोडाचं बी आन् त्याच्याव पेंढा. ज्या शेनावरनं भांडान झालं तेच शेन.

चवथ्या दिशी जयसिंग आला. त्यो गाडीला हात लावल्याबिगर घरात जात न्हाई. हात लावाया गेला आन् तितंच थिजला. हौद्यात पेंढ्यातनं पोपटी पोपटी कोंब वर आलेले, समदीकडं सारके.

मी दाराच्या फटीतनं बघत व्हतो. म्हनलं, आता भडका उडनार.

"तुळजे!" येवढा वरडला की कावळे उडाले.

वयनी बाहीर आली. आजाबात घाबरली न्हाई. "आयचं बी हाय. दुसरीकडं जागा न्हवती. नगं आसंल तर उपटून टाका."

जयसिंगनं हात घातला. म्या डोळं मिटलं. उघडलं तर हात तसाच रोपावर ठिवलेला. कितीबी काळी गाडी घिऊ दी, शेतकऱ्याच्या पोटाला आलेला मानूस त्यो, उगवल्यालं भात उपटाया हात वळंना. मंग हळूच म्हनला, "ह्या कोपऱ्यात पातळ पडलंय."

"चार दिसात भरंल."

"आन् गाडी हालवायची न्हाई?"

"हालवली तर रोप हालंल."

मंग काय! गडी यीस-बावीस दिस स्कुटीवर. पौडला स्कुटी, पिरंगुटला स्कुटी, माणला मामाच्या भाडेकऱ्याचा नळ गळतोय तरी स्कुटीच. सकाळ-सांज हौद्याला झारीनं पानी. चिमन्या हाकलाया त्यानं गाडीचा हारन वाजवायचं ठरवलं, चिमन्या हारनला सरावून टपावर बसू लागल्या, पर आळीची झोप उडाली. निषादसायब येका शनवारी आला, हौदा बघून म्हनला, "वॉव! ऑर्गॅनिक?" जयसिंग म्हनला, "फीलिंग हाय सायब."

लावनीच्या दिशी रोप हातभर न्हाई पर टेचात तयार. गाडी वाजत गाजत पानंदीच्या तोंडाशी न्हेली. आन् तितंच थांबली. पानंद अरुंद, गाडी रुंद. वयनीनं रोपाची चटई सुरीनं कापली, वळकटी केली, स्कुटीवर पायाशी ठिवली आन् गेली खाचरात. चार खेपांत हौदा रिकामा. खाचर हिरवं झालं तवा तिनं बांधावर बसून पदरानं तोंड पुसलं, का डोळं पुसलं, मला लांबनं दिसलं न्हाई.

नागपंचमीला पाराव समदे जमले.

"काम केलं का न्हाई गाडीनं?" जयसिंग छाती काडून म्हनला. "स्कुटीवर दाढ टाकता आली आस्ती?"

कुनीतरी म्हनलं, "आरं पर इंजन बंद व्हतं की."

"काम चाकानं करावं का हौद्यानं, ह्ये ठरलं न्हवतं!"

समदे माज्याकडं बघाया लागले. मला घाम. तेवढ्यात वयनीच म्होरं आली.

"भावजी, खरं त्येच बोला. आयचं बी गाडीनंच राखलं. शबूद म्हंजी शबूद. आजपासनं म्या ह्या गाडीवरनं काय बी बोलनार न्हाई."

जयसिंगनं त्या सांजंला आळीला पेढे वाटले.

दुसऱ्या दिशी सकाळी म्या मशेरी लावीत वट्ट्यावर. जयसिंग घरातनं निघाला. पौडला चालला व्हता, चहाची पावडर आन् म्हसराची पेंड आनाया. काळी गाडी धुऊन पुसून दारातच. ह्यो तिच्या अंगावरनं गेला, खुटीवरनं काडलेली किल्ली स्कुटीला लावली आन् बसला.

दारात वयनी. तिनं बघितलं. तोंड उघडलं, शबूद आठवला, पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदं नुसते गदागदा हालाया लागले.

न बोलायचं तिचं ठरलं व्हतं. माजं काय ठरलं न्हवतं.

"जयसिंगा!" म्या वरडलो. "आरं, पिकअप हिकडं हाय!"

त्यानं गाडीकडं बघितलं, स्कुटीकडं बघितलं, आन् गंभीर तोंडानं म्हनला, "उगं कशाला पळवून झिजवायची? म्होरल्या साली दाढ टाकायचीय तिच्यात."