जनाबाईचे फ्लोटर

महिपत जगदाळेचं डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या अंगाला, चपलांचं दुकान होतं. बावीस वर्षं त्याने लोकांच्या पायांत चपला घातल्या होत्या. गिऱ्हाईक दारात आलं की तो तोंडाआधी पाय बघायचा आणि सातचा की आठचा हे मनाशी ठरवूनच "या, बसा" म्हणायचा. सत्त्याण्णव सालच्या माघात एका संध्याकाळी जनाबाई दुकानात शिरली, तेव्हा मात्र त्याला नंबर सांगता येईना. पंजा सुपासारखा पसरलेला, बोटं एकमेकांपासून फटकून उभी, जणू प्रत्येकाने आपापली जमीन धरून ठेवलीय. ती बाकावर बसली तेव्हा उजव्या तळव्यावर नुकत्याच काढलेल्या टाक्यांची खूण दिसली.

"मना पान्यात घालाची चप्पल पायजे," ती म्हणाली. "चिखलातपन चालल आन बाजारातपन."

तिच्याबरोबर तिची सून मालन होती. तिने खुलासा केला. जनाबाई खाडीत हाताने चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची, अगदी परकर नेसायच्या वयापासून. आता तिला शुगर होती. मागच्या महिन्यात तळव्यात काच घुसली ती तिला कळलीच नाही. घरी पाय धुताना पाणी लाल झालं, तेव्हा समजलं.

"डॉक्टर म्हणाले, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही."

"आन खाडी सोड, असंपन बोलला," जनाबाई म्हणाली. "त्यातलं एकच आयकलं मी."

महिपतने गमबूट काढले. ती हसली. "चिखल बूट धरून ठेवल आन मी वर येन. आत पानी भरलं तं पाय उचलल कोन?" त्याने प्लास्टिकचे सँडल दाखवले. तिने लोखंडी बक्कल नखाने टोकरलं. "खारं पानी याला चार दिसांत खाईल."

मग महिपतला वरच्या फळीवरचे फ्लोटर आठवले. नवीनच निघाले होते. जाड तळ, मागे पट्टा, पुढे दोन चिकटपट्ट्या. कॉलेजची मुलं घेतात म्हणून त्याने मागवलेले. ते आजीबाईला दाखवायचे म्हणजे थट्टाच, असं वाटून तो थोडा घुटमळला, पण काढले.

जनाबाईने एक हातात घेतला आणि पुढे जे केलं ते महिपतने कुठल्या गिऱ्हाइकाला करताना पाहिलं नव्हतं. तिने तळ मधोमध वाकवायचा प्रयत्न केला. तो पंजाशी वाकला, मधे वाकला नाही, तेव्हा मान डोलावली. टाच अंगठ्याने दाबली. मग डोळे मिटले आणि दोन बोटं आत घालून ती शिवणीवरून, पट्ट्यांच्या कडांवरून, सावकाश फिरवू लागली. बराच वेळ.

"हितं टोचतंय," ती म्हणाली.

महिपतने हात घातला. शिवणीची गाठ होती, मोहरीच्या दाण्याएवढी.

"पायाला कलत नाय माज्या," जनाबाई म्हणाली, "म्हनून हाताला इचारते."

बावीस वर्षांत महिपतने चपलेच्या आत असा हात कधी फिरवला नव्हता.

तिला बायकांचा एकही जोड बसला नाही. शेवटी पुरुषांचा आठ नंबर बसला. बोटांना दोन्हीकडे जागा, टाच पक्की, आत हाताला काही टोचलं नाही. तिने बादलीभर पाणी मागितलं, त्यात उभी राहिली आणि तशीच ओल्या पायांनी फरशीवर चार फेऱ्या मारल्या. तळ घसरला नाही.

"दुकानातलं पानी गरीब असतं," ती म्हणाली. "खाडीत बघाया पायजे."

"मग मी येतो, मावशी," महिपत बोलून गेला. "उद्या दुकान बंद असतं. नाही चालला तर परत घेईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाडीवर पोचला, तेव्हा ओहोटीने पाणी पार पलीकडे गेलं होतं. रेल्वेतून हजारदा दिसलेली खाडी त्याला ओळखू येईना. मैलभर करडा, चकाकता चिखल, आणि त्यात लाखो बारीक भोकं, प्रत्येक भोकाशी काहीतरी हलणारं. मालन काठावर थांबली. जनाबाईने कासोटा घातला, टोपली कमरेला बांधली आणि निघाली.

ती पाय उचलत नव्हती. अंग पुढे झोकून पाऊल सरकवत होती, तव्यावर उलथनं फिरवावं तसं. बघता बघता ती शंभर हात लांब गेली. एका भोकाशी वाकली, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि काढला तो पंजाएवढी चिंबोरी पाठीमागून धरूनच. महिपतचं भान हरपलं. आपण कुठे उभे आहोत हे विसरून तो तिच्या मागे निघाला, आणि वीसेक पावलांत मांडीपर्यंत रुतला. त्याची चामड्याची चप्पल कुठे गेली ते कळलंही नाही.

तिकडे जनाबाई थांबली होती. डाव्या फ्लोटरची चिकटपट्टी चिखल भरून उघडली होती. पण ती पायाकडे बघत नव्हती. तिने तोंड वर करून वारा घेतला.

"पानी फिरलं," ती ओरडली. "मागं हो, शेट!"

महिपतला पाणी कुठेच दिसत नव्हतं. तो धडपडला आणि आणखी खाली गेला. मग त्याला बारीक सळसळ ऐकू आली. चिखलातल्या चिरांतून पाणी चढत होतं, शांतपणे, चारी बाजूंनी. भोकंच्या भोकं मिटत होती.

जनाबाईने टोपलीतली जाळ्याची दोरी फ्लोटरला करकचून बांधली आणि सरळ त्याच्याकडे आली. "उबा ऱ्हाऊ नको. आडवा हो. लेकरासारका रांग."

"मावशी, मी..."

"बोलू नको. पोट टेक."

त्याने पोट टेकलं. चिखलाने पकड सोडली. ती त्याच्या कॉलरला धरून बाजूबाजूने सरकत राहिली आणि तो रांगत राहिला. दोघं काठाला लागली, तेव्हा मगाची जागा पाण्याखाली गेली होती, आणि त्या पाण्यावर दुपारचं ऊन असं पसरलं होतं की महिपतला हात जोडावेसे वाटले. खाडीला की बाईला, त्याचं त्यालाच कळेना.

मालनने सासूचे पाय धुतले, बोटाबोटांत बघितलं. एक ओरखडा नव्हता. जनाबाईने आपल्या हाताने तळवे पुन्हा चाचपले, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू लहान मुलीसारखं हसू आलं.

"तल चांगला हाय," ती म्हणाली. "पट्टी नाय चांगली. चिखल खाते. कायतरी दुसरं बघ."

महिपतने आठ दिवस घाऊक बाजार पालथा घातला. चिकटपट्टीऐवजी प्लास्टिकचा चाप असलेला जोड त्याला ठाण्यात मिळाला. दुकानात आणून त्याने शटर अर्धं ओढलं, डोळे मिटले आणि दोन बोटं आत घालून शिवणीवरून सावकाश फिरवली. एक गाठ सापडली. ती त्याने कापून, घासून गुळगुळीत केली आणि मगच जोड घेऊन जनाबाईच्या कोळीवाड्याची वाट धरली.