तलवारीच्या बदल्यात

"आपकी तलवार उलटी है," फोन म्हणाला.

समिधा थांबली. समोर साठीपुढची एक चिनी बाई उभी होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात लाल गोंड्याची लांब, सरळ तलवार. दुबईतल्या अल कुसैसच्या तळ्याकाठच्या बागेत संध्याकाळी फिरायला येणारे सगळेच तिला ओळखत. झाडांच्या आडोशाला ती पाण्यात चालावं तशी हळूहळू पावलं टाकत तलवार फिरवायची. आज मात्र ती स्वतःहून जवळ आली होती आणि समिधाच्या गळ्याकडे बोट दाखवत होती.

तिथल्या साखळीत करंगळीएवढी स्टीलची तलवार होती. म्यान वर अडकवलेलं, मूठ खाली. मूठ ओढली की पातं बाहेर यायचं आणि परत सारलं की आतलं लोहचुंबक ते टक् करून ओढून घ्यायचं.

"खिलौना है," समिधा म्हणाली आणि टक् करून दाखवलं.

बाईंनी फोन तिच्यापुढे धरला. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये भाषा निवडायची सोय होती. समिधानं सहज बोट खाली सरकवलं, तर मराठीही होती. तिनं ती निवडली. "माझ्या मुलानं दिलं," ती म्हणाली. फोन चिनीत काहीतरी बोलला, बाई हसल्या, उत्तरल्या, आणि फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "माझे नाव फांग आहे. तुम्ही रोज एकट्या चालता."

मुलगा नीरव परदेशी शिकायला गेल्यापासून समोर उभं राहून समिधाशी मराठीत कोणी बोललंच नव्हतं.

तिचा नवरा सुजीत दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तीन वर्षांपूर्वी सकाळी डबा घेऊन गेला, आणि दुपारी हार्ट अटॅकनं गेला. सगळे म्हणाले, चिपळूणला परत ये. पण नीरवची शाळा मोडायला नको म्हणून समिधानं एका शाळेच्या बसवर नोकरी धरली. मुलांना चढवायचं, पट्टे लावायचे, रडणाऱ्याला जवळ घ्यायचं, शेवटी बस रिकामी झाल्याची खात्री करायची. नीरव बारावी झाला आणि ऑगस्टमध्ये मँचेस्टरला शिकायला गेला. एअरपोर्टवर त्यानं ही साखळी तिच्या गळ्यात घातली. "मम्मा, स्टॉप पीलिंग युअर नेल्स. डू धिस इन्स्टेड."

तिनं नखं सोलणं सोडलं. दिवसभर बसमध्ये टक्, टक्. ड्रायव्हर शाहबाज आरशात बघून म्हणायचा, "दीदी, आपका इंडिकेटर चालू है."

फांगबाई नातीला सांभाळायला आल्या होत्या. नात आता नर्सरीत जायची, मुलगी दिवसभर ऑफिसात असायची. "मुलगी थकते, बोलत नाही. नात इंग्रजी बोलते," फोननं सांगितलं. फांगबाईंनी खांदे उडवले. ते भाषांतराशिवायही समजलं.

मग रोज संध्याकाळी समिधा तलवारीऐवजी छत्री घेऊन शिकायला जाऊ लागली. फांगबाई तिच्या हातातल्या मिटलेल्या छत्रीचं टोक धरून वर-खाली करायच्या, गुडघ्यावर टिचकी मारायच्या. डाव्या हाताची दोन बोटं जोडून ताठ ठेवायची, बाकीची मिटायची.

"एक धार असते ती सैनिकाची," फोन सांगायचा. "दोन धारा, सरळ, ती सभ्य माणसाची. पूर्वी विद्वान लोक कमरेला लावत. काढण्यासाठी नाही. सरळ राहण्यासाठी. घरात टांगली की वाईट गोष्ट आत येत नाही."

"आणि दुसरी धार कशाला?" समिधानं विचारलं.

फांगबाईंनी आधी समोर बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे वळवलं. फोनला काही बोलावं लागलं नाही.

एकदा बाकावर टेकल्यावर फांगबाईंनी ते पेंडंट हातात घेतलं, पातं काढलं, परत सारलं. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"मुलाने भेट दिली? की तुम्ही विकत घेतली?"

"भेट दिली."

"आमच्याकडे पाते भेट देत नाहीत. पाते नाते कापते. बदल्यात काही द्यावे लागते. मग ती भेट राहत नाही. तुम्ही मुलाला काय दिले?"

"काही नाही," समिधा म्हणाली.

तिला आई आठवली. सुरी मागितली तर आई कधी हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची. हातात दिली की भांडण होतं म्हणायची. समिधा त्याला हसायची. पण त्या रात्री ती मनाशी मोजत बसली. नीरव गेला तेव्हा रोज फोन करायचा. मग एक दिवसाआड झाला. आता रविवारी, तोही चालता चालता, मध्येच कोणाला तरी "कमिंग!" म्हणत.

डिसेंबरात तो सुट्टीला येणार होता. तेव्हा काहीतरी द्यायचं, तिनं ठरवलं. तिनं त्याची खोली झाडली, त्याला आवडते तसल्या जाड लोकरीचा एक स्वेटर घेतला, आमसुलं आणि कुळथाचं पीठ मागवून ठेवलं.

नोव्हेंबरच्या शेवटी फांगबाईंच्या मुलीची बदली सिंगापूरला झाली. शेवटच्या संध्याकाळी फांगबाईंनी नेहमीसारखाच सराव केला. निघताना फोन न काढता त्यांनी समिधाचे दोन्ही हात धरले आणि चिनीत बरंच काही बोलल्या. समिधा मराठीत म्हणाली, "सांभाळून जा हं. तिकडे पण अशी बाग असेल." दोघींनीही माना डोलावल्या.

पुढच्या रविवारी नीरवचा फोन आला. आज तो चालत नव्हता, एका जागी बसून बोलत होता. तेव्हाच समिधाला कळलं.

"मम्मा, लिसन. द टिकेट्स आर क्रेझी. आणि सगळे मिळून स्कॉटलंडला चाललेत. इज इट ओके इफ आय कम इन समर?"

"सुट्टीत तिथे एकटा राहणार नाहीस ना?"

"नो नो, वुई आर सिक्स."

"मग छान की."

"आर यू अपसेट?"

समिधानं गळ्यातलं पातं टक् करून आत सारलं. मग म्हणाली, "नीरव, त्या तलवारीच्या बदल्यात तुला काहीतरी द्यायचं राहिलंय. काय हवं?"

"व्हॉट? मम्मा, इट वॉज लाइक थर्टी दिरहम्स."

"म्हणजे सातशे रुपये. तरी द्यायला लागतं. आमच्या बागेतल्या आजी म्हणाल्या. सांग ना, काय हवं?"

पलीकडे तो हसला. मग हसू थांबलं. "नथिंग. जस्ट... डोन्ट बी सॅड, ओके?"

समिधा खिडकीशी उभी होती. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची व्हॅन लागली होती.

"बरं," ती म्हणाली. "दिलं."

"व्हॉट?"

"दिलं तुला. घेतलंस ना?"

"ओके, वीअर्डो. लव्ह यू."

"स्वेटर कुरिअरनं पाठवते. स्कॉटलंडला थंडी असेल."

तो ज्या शनिवारी यायचा होता, त्या सकाळी समिधाला नेहमीच्या वेळी जाग आली. शाळेला सुट्टी होती. स्वयंपाकघरात उभं राहून तिनं कुळथाचं पिठलं केलं आणि थोडंसंच खाल्लं. मग छत्री घेऊन ती बागेत गेली.

झाडांच्या आडोशाची जागा रिकामी होती. ती पाय जुळवून उभी राहिली आणि सुरुवात केली. मध्यावर एक वळण तिला आठवेना. छत्री हवेत धरून ती तशीच थांबली, मग सगळं पहिल्यापासून घेतलं. या वेळी हात आपोआप वळला.

पायवाटेवर एक तरुण बाई बाबागाडी घेऊन आली होती. समिधाच्या समोरून जाता येईना म्हणून ती थांबून राहिली. समिधानं घाई केली नाही. शेवटचं पाऊल मागे घेतलं, छत्री डाव्या हातात घेतली, खांदे सैल सोडले आणि त्या बाईकडे पाहून किंचित मान लववली.

बाई हसून पुढे गेली. बाबागाडीची चाकं खडीवर वाजत लांब गेली, तोवर समिधा तशीच ताठ उभी होती.