गाळलेली ओळ

आजीची प्रार्थना शर्टाच्या मापाची होती. लॉन्ड्रीत तीस वर्षं इस्त्री केलेली बाई, तिला घड्याळ लागायचं नाही. कॉलरला स्वर्गातला बाप, खांद्याला त्याचं राज्य, एका बाहीला रोजचं अन्न, दुसरीला मोह आणि वाइटापासून सुटका, शेवटच्या बटणाला आमेन. सकाळी दोघी नाती शमीजवर कुडकुडत तिच्यामागून म्हणायच्या आणि आमेन झालं की गरमागरम शर्टात शिरायच्या.

दोन बाह्यांच्या मध्ये एक ओळ असते. क्षमेची: जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली, तशी तू आम्हाला कर. आजी ती घेत नसे.

थोरलीला ती ठाऊक होती, आईनं शिकवलेली. आजीनं पहिल्यांदा गाळली तेव्हा थोरलीनं तोंड उघडलं, आजीकडे पाहिलं आणि मिटलं. धाकट्या ठमीला मात्र प्रार्थना मिळाली ती आजीकडूनच, आणि तेवढीच.

ठमी चार वर्षांची असताना तिचे आईबाप मामाच्या गाडीच्या अपघातात गेले. मामा म्हणजे आजीचा धाकटा मुलगा. रात्रपाळी करून सकाळी बहीण-मेव्हण्यांना चर्चला आणायला गेला आणि परतीच्या वाटेत त्याचा डोळा लागला. तो वाचला. शिक्षा भोगून गेल्या महिन्यात सुटला, एका बेकरीत कामाला लागला. दोनदा दारात येऊन गेला. दोन्ही वेळा आजीनं साखळी न काढता सांगितलं, "मुली अभ्यासाला बसल्यात."

चर्चचे पाळक समजवायला आले. "आजी, पोटचं पोर आहे."

"ती पण पोटचीच होती."

"किती दिवस असं?"

"देव पाठीशी आहे म्हणून दोन घास घशाखाली उतरतात, पाळकसाहेब. त्याच्याकडे मी सगळं मागते. एवढं एक मागत नाही."

पाळक मग म्हणाले, "रविवारी ठमी सगळ्यांसमोर प्रार्थना म्हणणार. तो ऐकायला येईल. मागच्या बाकावर बसेल. पुढचं तुमच्यावर."

शनिवारी आजीनं ट्रंकेच्या तळाचा निळा शर्ट काढला. पाणी मारलं, इस्त्री फिरवली. प्रार्थना मात्र म्हटली नाही.

"कुणाचा गं?" थोरलीनं विचारलं.

"दिसत नाही? डोळे काय उसने दिलेत?"

"मामा जेवायला येणार?"

"उद्या चार ताटं घे," आजी म्हणाली. तीन वर्षांत तिच्या तोंडून चारचा आकडा आला नव्हता.

रविवारी तो मागच्या बाकावर होता. आजीनं एकदाच वळून पाहिलं. कॉलरमध्ये दोन बोटं जातील इतका वाळला होता. निळ्या शर्टाची पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली. प्रार्थना संपली की द्यायची आणि म्हणायचं, चल घरी.

ठमी पुढे उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, खणखणीत आवाज. बाप झाला, राज्य झालं, अन्न झालं. तिनं श्वास घेतला आणि सरळ मोहावर गेली.

"एक ओळ राहिली, बाळा," पाळकबाई हसून म्हणाल्या.

"नाही राहिली."

"अगं, क्षमेची?"

"ती आमच्यात नसते," ठमी म्हणाली.

पोरं खुदखुदली. ज्यांना माहीत होतं ते खाली बघायला लागले. मागे बाक करकरलं. आजी वळली तोवर दार नुसतं हलत होतं.

गुडघे धरत ती फाटकापर्यंत पोचली, तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं. फाटकाशी झाडणारा म्हणाला, "गेला की. म्हटलं, एवढ्यात निघालास? तर म्हणे, उत्तर मिळालं."

घरी चौथं ताट पालथंच राहिलं. ठमी रडून रडून झोपली. "माझं चुकलं का?" असं तिनं चारदा विचारलं आणि आजीनं चारदा सांगितलं, "शिकवणारी चुकली."

ती झोपल्यावर थोरली म्हणाली, "मामावरच्या रागानं गाळायचीस ना तू ती?"

आजीनं पिशवीतला शर्ट काढून उगाच पुन्हा घडी घातली.

"त्या सकाळी त्यानं फोन केला होता. आई, डोळे मिटतायत, त्यांना टॅक्सीनं येऊ दे. मी म्हटलं, सख्खा भाऊ असताना टॅक्सी कशाला? तोंड धू आणि नीघ, प्रार्थनेला उशीर नको."

"हे मामानं कोर्टात सांगितलं नाही?"

"नाही. कुठंच नाही." घडी पुन्हा मोडली. "त्या ओळीत आपल्यासाठी पण क्षमा मागावी लागते गं. माझी जीभ तिथंच अडायची."

थोरलीनं उठून चौथं ताट फडताळात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आजी बेकरीत गेली. मालक म्हणाला, "कालच हिशेब न घेता गेला. कुठं, ते बोलला नाही."

त्याच्या पुढच्या सकाळी इस्त्री तापली. कॉलर, खांदा, एक बाही. आजी थांबली. पाळकबाईंनी घोकून घेतलेली ओळ ठमीनं धडाधड म्हणून टाकली आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

"आता मामाला सांगूया का, आमच्यात पण असते म्हणून?"

"त्याचा पत्ता नाही, बाळा." आजीनं दुसरी बाही पुढे ओढली. "पुढची म्हण."