धावताना धडधडणारी छाती

समुद्र गावात शिरला त्या पहाटे नेलिदा पाइनच्या झाडाला बिलगून राहिली म्हणून वाचली. त्याला वर्षं लोटली. चिलीच्या किनाऱ्यावरचं ते गाव टेकडीवर पुन्हा वसलं, तिचा नवरा एवारिस्तो पुन्हा होडी घेऊन जाऊ लागला. नेलिदा मात्र खाली उतरली नाही. वारा फिरून लाटांचा आवाज वर आला, की तिची छाती धडधडू लागे, आणि मग डोळ्यांपुढे पाणी चढत येई, काळं, दारं-खिडक्या वाहून आणणारं.

नणंद ओब्दुलिया बायकांचा फुटबॉल संघ चालवायची. एक दिवस ती दारातूनच ओरडली, "वहिनी, बूट चढव! आमची गोलकीपर बाळंतपणाला गेलीय."

"मला कुठं येतं खेळायला?"

"आम्हाला तरी कुठं येतं? चल, नखरे पुरे."

मैदानाभोवती धावताना पहिल्याच फेरीत नेलिदाची छाती धडधडू लागली आणि ती मटकन खाली बसली. "ओब्दुलिया, पाणी आलं!"

ओब्दुलियानं तिचा हात आपल्या छातीवर दाबून धरला. तिथंही तसंच धाडधाड चाललं होतं. "पाणीबिणी काही नाही. धावलो आपण, म्हातारे!"

नेलिदा रोज जाऊ लागली. सकाळच्या धुक्यात बायका ढगातून धावल्यासारख्या दिसत. श्वास फुले, छाती उडे, आणि काहीच बुडत नसे. तिला गाढ झोप लागू लागली.

मग एकदा चेंडू तिच्या हातातून निसटला आणि उतारावरून खाली सुटला. "पकड की, वहिनी!" मागून हशा उसळला. नेलिदा धावली. घरं मागे पडली, झाडं मागे पडली. थांबली तेव्हा पायाखाली ओली वाळू होती आणि चेंडू फेसात डुलत होता.

भीती आली. पण छाती आधीच धडधडत होती. भीतीला तिथं नवं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. लाट घोट्यापर्यंत आली, परत गेली. पुढची आली. पाणी नुसतं गार होतं.

ती बराच वेळ उभी राहिली.

पुढं खेळ संपला की अंग गरम असतानाच ती खाली उतरू लागली. त्या उन्हाळ्यात होडी किनाऱ्याला लावताना एवारिस्तोला ती दिसली, गुडघाभर पाण्यात, खडकावरचं खायचं शेवाळ ओढून काढणारी. वल्हं मांडीवर ठेवून तो बघत राहिला.

"बघतोस काय?" नेलिदा ओरडली. "दोर फेक इकडं!"