टँकर नो कम

दुष्काळाच्या त्या वर्षी शिरूर कासार भागातली अर्धी गावं दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेली. पाचवीतल्या जाईचे आईबापही कोयता घेऊन सहकारी साखर कारखान्याच्या फडावर गेले. दरवर्षी ते जाईलाही सोबत नेत, त्यामुळे तिची अर्धी शाळा बुडायची. या वेळी वर्गशिक्षिका वत्सला कांबळे घरी जाऊन बोलल्या, आणि जाई आजीजवळ, भामाबाईजवळ राहिली.

बाकी विषयांत ती रमली. इंग्रजीच्या तासाला मात्र तोंडातून अक्षर निघेना. मुख्याध्यापक मोहनराव म्हणाले, "मॅडम, तिला दुसरीच्या पोरांत बसवा. तिला काहीच येत नाही."

"येत नाही असं नाही सर. ती ऐकतेय. अजून थोडं ऐकू द्या."

बाईंनी तिला बोलायचा आग्रह सोडून दिला. "शो मी द बकेट," म्हटलं की जाई बादलीकडे बोट दाखवी. "ओपन द डोअर," म्हटलं की उठून दार उघडी. आधी बाई स्वतः करून दाखवत, मग सगळा वर्ग करी. तिच्या शेजारी मुद्दाम बडबडी रुक्मिण बसवली होती. अडलं की दोघी मराठीत कुजबुजत, आणि बाई कुजबुजू देत.

भामाबाई शाळेत आल्या. "बाई, घरी लई बोलती ही. शाळंतच कावून गप ऱ्हाती?"

"बोलेल आजी. शाळेत काय ऐकलं ते घरी विचारत जा तिला."

दिवाळी उलटून गेल्यावर एकदा बाईंनी रिकामा तांब्या उलटा करून दाखवला. कोपऱ्यातून हळू आवाज आला, "नो वॉटर." वर्गानं वळून पाहिलं. बाई फक्त म्हणाल्या, "येस. देअर इज नो वॉटर," आणि पुढं शिकवत राहिल्या. त्यानंतर रोज एकदोन शब्द येऊ लागले.

एका सकाळी गावात पाण्याची गाडी आली नव्हती. जाई धावत वर्गात आली. "टीचर, टँकर नो कम."

मोहनराव दारातच उभे होते. "द टँकर हॅज नॉट कम. म्हण बरं नीट."

पोरं हसली. जाई खाली बसली आणि पुढचे कित्येक दिवस इंग्रजीच्या तासाला तोंड मिटून राहिली.

वत्सलाबाई मोहनरावांच्या खोलीत गेल्या. "सर, तान्हं पोर आधी 'मम' म्हणतं. तेव्हा आपण त्याला व्याकरण शिकवतो का?"

"पण चुकीचं पक्कं झालं तर?"

"बरोबर काय ते मी तिला ऐकवते. फक्त तिला मधेच अडवत नाही. परीक्षेत लिहिताना चूक दाखवू, पण आत्ता कुठं ती बोलायला लागली होती."

त्यानंतर मोहनराव इंग्रजीच्या तासाला वर्गाच्या मागच्या बाकावर येऊन बसू लागले.

होळीच्या सुमारास बाई पोरांना गावच्या सहकारी दूध डेअरीत घेऊन गेल्या. चारा नव्हता, पाणी नव्हतं, दूध आटलं होतं. बरेच कॅन रिकामेच पालथे पडले होते. परत आल्यावर ज्याला जे दिसलं ते त्यानं इंग्रजीत सांगायचं होतं. बाईंनी फळ्यावर 'आय सॉ' आणि 'बिकॉज' एवढंच लिहिलं होतं.

जाई स्वतःहून उठली. "आय सॉ मेनी कॅन. नो मिल्क इन कॅन."

मागच्या बाकावर मोहनरावांनी तोंड उघडलं. बाईंना धास्तीच वाटली. पण ते एवढंच म्हणाले, "ओह, देअर वॉज नो मिल्क इन द कॅन्स? व्हाय?"

जाईनं फळ्याकडे पाहिलं आणि विचार करून बोलली, "बिकॉज... काऊ इज थर्स्टी. काऊ ड्रिंक वॉटर, देन गिव्ह मिल्क."

कुणी हसलं नाही. रुक्मिणनं तिचा हात दाबला. मोहनराव म्हणाले, "व्हेरी गुड. टेल मी मोअर." आणि जाई बोलत राहिली, अडखळत, मधेच मराठी शब्द घालत, तास संपल्याची घंटा होईपर्यंत.